गेला म्हणजे कोण गेला

आधी ताईंचं सांगतो, मग काय झालं ते. उलटं सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मी काहीतरी मोठं केलं. मी केलं ते एवढंच, की एका शब्दावर अडून बसलो. अडून बसायला जागा ताईंनी दिली.

ताई रोह्याच्या. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर, घरात तीन पिढ्यांची मास्तरकी. त्या आधी नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या, मग ते सोडून संशोधनात पडल्या. त्यांचं काम लोकांना समजावून सांगायला मला अजून नीट जमत नाही. किनवटच्या पुढे माझं गाव, तिथे आईला फोनवर सांगितलं, "दुसऱ्यांनी केलेले अभ्यास ताई तपासतात, अन् सगळे मिळून खरं काय निघतं ते लिहितात." आई म्हणाली, "म्हणजे पेपर तपासणारी मास्तरीण." मी हो म्हणालो. बघायला गेलं तर तेच आहे. फक्त इथे नापास होणारा पेपर कधीकधी डॉक्टरचा असतो.

ताईंचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी बजावलंय. "माझं नाव घालशील तर लोक तुला नमस्कार सोडून मला करतील," म्हणाल्या. तर नाव नाही. पण ज्या बाईने नववी नापास माणसाच्या हातात तपासायची पेन्सिल दिली ती रोह्यात राहते, आणि हे सगळं तिच्यापासून सुरू होतं.

आता माझं. दहावीच्या वर्गात बसायचं त्या जूनमध्ये मी विटांच्या ट्रकवर बसलो. वडील वारले होते, घरात मी थोरला. नववीत गणितात राहिलो होतो, पण वरच्या वर्गात ढकलणार होते. मीच गेलो नाही. पुढे कुठे कुठे फिरून, गावातल्या एकाच्या ओळखीने, इकडे पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात लागलो. तेव्हा मी पंचविशीत होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि उभ्या-आडव्या रांगेत पांढरे गणपती. साच्यातून निघालेल्या मूर्तीला जोडावर रेघ असते, कडा असतात, फुगे असतात. ते पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचं, त्याला घासकाम म्हणतात. बाहेरून आलेल्याला बहुतेक तेच मिळतं. डोळ्यांची आखणी हे इथल्या हातांचं काम, आणि ते हात बघितले की वाटतं, असू दे, त्यांचंच असू दे.

घासकामाची धूळ पिठासारखी उडते. भुवयांवर बसते, भाकरीवर बसते. माझ्या बोलण्यातलं "काहून" ऐकून शेडमधले मला चिडवायचे, "काहून आलास रे एवढ्या लांब?" मी म्हणायचो, "तुमच्या गणपतीला नाक घासून द्यायला." दुसऱ्या वर्षी मला खोकला लागला. माझ्यासारखे आणखीही होते.

त्याच वर्षी एक संस्था आली. जाळीचं बटण असलेले चांगले मास्क तिने घासकामवाल्यांना वाटले, आणि गावातल्याच एका बाईला फॉर्म भरायला नेमलं. ही बाई खारेपाटातली, आगऱ्याची, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. तिने मला विचारलं, "खोकला हाय?" मी म्हणालो, आहे. तिने "आहे" लिहिलं. दोन महिन्यांनी परत येऊन पुन्हा विचारणार होती. पण मी तोवर थांबलो नाही. आषाढात मला बसून झोपायची वेळ आली तेव्हा शेठना सांगून काम सोडलं, आणि पेणला एका पोह्याच्या गिरणीत पोती उचलायला लागलो. तिथेही भुसा होताच. पण तो निदान खायच्या वस्तूचा होता.

तीन वर्षांनी ताई मला भेटल्या त्या पेणच्या सरकारी दवाखान्याच्या रांगेत. त्या कागद घेऊन खोकल्याच्या पेशंटना प्रश्न विचारत होत्या. माझ्यापाशी आल्या, वाचलं, "काम करताना तुम्हाला खोकला येतो का?"

मी म्हणालो, "कोणतं काम? खोकला ज्या कामाने लागला ते मी सोडलं. आता हो म्हटलं तर तुम्ही गिरणीच्या नावावर लिहाल, नाही म्हटलं तर मी बरा."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "अरे बाबा, हो नायतर नाय बोल, रांग थांबलीय."

ताईंनी कागद उलटा केला, मागे काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "शिक्षण किती?"

मला वाटलं, झालं, आता हाकलणार. म्हणालो, "नववी. तीही पूर्ण नाही."

"वाचायची सवय आहे?"

"मराठी काहीही. इंग्रजी पाटीवरचं."

"गिरणीला सुट्टी कधी असते?"

एवढंच. दुसऱ्या आठवड्यात मी पेणच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात स्टुलावर बसलो होतो, आणि हात घामाने ओले म्हणून कागदाला लावत नव्हतो.

मी घाबरट आहे, हे इथेच सांगून टाकतो. खोलीचं कुलूप मी दोनदा ओढून बघतो. रोह्याला जाताना वडखळला गाडी अडकली की ताई रागावतील म्हणून एक गाडी आधीची पकडतो. शेडमध्ये यावरून हसायचे. ताई म्हणाल्या, "आपल्या कामाला घाबरटच माणूस लागतो. धीट माणूस एकदाच बघतो."

काम असं होतं. प्लॅस्टरची, दगडाची, सिमेंटची धूळ नाकात जाते अशा ठिकाणी मास्क दिल्याने खोकला कमी होतो का, पंख्याने होतो का, काम उघड्यावर नेल्याने होतो का, यावर कुठे कुठे अभ्यास झाले आहेत ते सगळे शोधायचे, चाळायचे, तोलायचे आणि एकत्र मांडायचे. त्याला त्या पद्धतशीर आढावा म्हणतात. नियम असा की चाळणी दोघांनी लावायची, वेगवेगळी, एकमेकांचं न बघता. चाळणं मला नवं नव्हतं. प्लॅस्टर भिजवायच्या आधी आम्ही पोतंच्या पोतं चाळत होतो; खडा राहिला तर मूर्तीच्या गालावर उमटतो. इंग्रजी अभ्यासांना ताईंची दुसरी जोडीदारीण पुण्याहून फोनवर असायची. मराठीत लिहिलेले अहवाल, संस्थांच्या पुस्तिका, कारखान्यातले कच्चे फॉर्म यांची दुसरी चाळणी माझी.

इंग्रजीही मी सोडलं नाही. शंभर पानी वहीत रोज थोडे शब्द, पुढे ताईंचा अर्थ. पण खरं शिकवणं पेण-रोहा एसटीत झालं; ऑफिसात काम उरलं की आम्ही ते ताईंच्या घरी न्यायचो. ताई खिडकीशी, मी कडेला, मांडीवर फाइल.

"कुठलाही अभ्यास हातात आला की शेवटचं पान वाचायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिथे सगळे खूश असतात. आधी बघायचं, पेणहून गाडीत किती बसले."

"मग?"

"मग रोह्याला किती उतरले. मधले कुठे गेले? नागोठण्याला उतरले की गाडीतून पडले? कंडक्टर सांगू शकत नसेल तर तिकिटं मोजून काय उपयोग?"

पुढच्या सीटवरचा कंडक्टर मागे वळून म्हणाला, "ताई, आमच्या गाडीतून कोण पडत नाय हां."

"तुमच्या नाही हो. अभ्यासातल्या."

"मग ठीक हाय."

या मधल्या माणसांना त्या गळती म्हणायच्या.  शाळेतही तोच शब्द होता. मी सोडल्यावर मास्तर घरी आले होते, गळतीच्या यादीत नाव घालावं लागेल म्हणाले होते. ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणूनच विचारते, गळालेला कुठे गेला. यादीत घालून सुटत नाही."

आणखीही शिकवलं. मास्क कोणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, की शेठने लाडक्यांना दिला? खोकला मोजणाऱ्याला ठाऊक होतं का, समोरच्याला मास्क मिळालाय म्हणून? एकदा मी म्हणालो, "पाच अभ्यास हो म्हणतात, दोन नाही म्हणतात, म्हणजे हो." ताई म्हणाल्या, "ते ग्रामपंचायतीत चालतं. इथे मतं मोजायची नाहीत, वजन करायचं." प्रत्येक अभ्यासाला त्या तक्त्यात रंग द्यायच्या. भरवसा असेल तिथे हिरवा, शंका असेल तिथे पिवळा, भरवसाच नसेल तिथे लाल.

हा आढावा कशासाठी हवा होता, तेही सांगायला हवं. पेणला एक बैठक ठरली होती. कारखानदार येणार होते, संस्थेचे डॉक्टर साहेब येणार होते. प्रश्न एकच होता: घासकामवाल्यांना मास्क दिले की पुरे, की घासकाम वेगळ्या शेडमध्ये नेऊन धूळ ओढणारे पंखे बसवायचे. मास्क पुरे असं निघालं तर पंख्याचा विषय तिथेच मिटणार होता. शेडमध्ये अजून माझ्या ओळखीचे तिघे-चौघे घासत होते.

आणि आमच्याजवळ सगळ्यात जवळचा, सगळ्यात ठसठशीत पुरावा होता तो त्या संस्थेच्याच मास्कच्या अभ्यासाचा. इथल्याच कारखान्यांतला, इथल्याच धुळीचा. अहवाल छापलेला होता, तक्ते रंगीत होते. दोन महिन्यांनी बहुतेकांचा खोकला गेला, असं त्यात लिहिलं होतं. ताईंनी गळतीच्या रकान्यात त्याला हिरवा दिला होता, कारण छापील तक्त्यात जेवढे सुरुवातीला होते तेवढेच शेवटी होते. एकही गळाला नव्हता.

मला ते टोचलं. दोन महिने, तेही गणपतीच्या तोंडावर, घासकामवाला एकही गळत नाही? ज्या शेडमध्ये दर आठवड्याला कुणीतरी पिशवी उचलून जातो?

कच्च्या फॉर्मांचं खोकं ऑफिसात आलं होतं, सुतळीने बांधलेलं. ते बघायचं काम माझं. मी सुतळी सोडली. फॉर्मवर नावं नव्हती, फक्त क्रमांक, वय, गाव, काम आणि खोकल्याचे दोन रकाने: सुरुवातीला, आणि दोन महिन्यांनी. दुसऱ्या रकान्यात बाईचं गोल गोल अक्षर. कुठे "आहे". कुठे "कमी". कुठे "नाही". आणि बऱ्याच ठिकाणी "गेला".

खोकला: गेला. वाचायला सरळ आहे. माझ्यासारखा कुणीही तेच वाचेल. पण मी दोनदा बघणारा. एकच बाई, एकच पेन, एकच रकाना. खोकला थांबला हे लिहायला तिने कुठे "नाही" आणि कुठे "गेला" असे दोन शब्द का वापरले?

तसाच पुढे गेलो आणि एका ओळीवर थांबलो. वय माझं, तेव्हाचं. गाव किनवट. काम घासकाम. त्या शेडमध्ये किनवटचा दुसरा कोणी नव्हता. सुरुवातीला: आहे. दोन महिन्यांनी: गेला.

तोंडात खडीसाखर होती. तेव्हा मी खोकला दाबायला दिवसभर ती चघळायचो, ऑफिसात आवाज नको म्हणून. ती ओळ मी परत वाचली. छापील अहवालात मी बरा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी जोह्याला गेलो. बाई ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. मला बघून म्हणाली, "अरं तू? तू तं जेला व्हतास ना? परत कवा आलास?"

ती बोलताना गेला नाही म्हणत, जेला म्हणते. मी खाली बसलो आणि विचारलं, "बाय, फॉर्मवर तुम्ही गेला लिहिलंय. ते काय गेलं?"

"तू जेला व्हतास. मी आले तं शेठ बोलला, तो जेला. मंग मी लिवलं, गेला. लिवताना शुद्ध लिवते मी. सातवी पास हाय."

"आणि ज्याचा खोकला थांबला?"

"त्याच्या म्होरं नाही लिवलं. खोकला हाय का? नाय. त्यात काय?"

"ऑफिसातून कोणी विचारायला आलं नाही, गेला म्हणजे काय?"

"कोन येतंय. आले, फॉरम नेले, चा पिले, जेले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "का रं, माज्यावर काय बालंट येतंय का?"

"नाही बाय. तुम्ही बरोबर लिहिलंय. वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं."

"मंग त्याला सांग ना. मना काय सांगतोस?"

तेच तर कठीण होतं. वाचणाऱ्यांत ताईही होत्या.

रोह्याला जाताना एसटीत मी मनात वाक्यं जुळवत होतो. ज्यांनी स्टूल दिलं, पेन्सिल दिली, त्यांना कसं म्हणायचं की तुमचा हिरवा चुकलाय? घरी पोचलो तेव्हा कंपनीची शिफ्ट सुटून गल्लीत सायकली आणि मोटरसायकली शिरत होत्या. ताईंनी पोहे पुढे ठेवले. मी ते न खाता फॉर्म पुढे ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं, नाही आणि गेला, बाई, शेठ, माझी ओळ, सगळं.

ताईंनी चष्मा काढला. फॉर्म एकेक करून बघितले.  मग तक्त्याचा कागद ओढला आणि हिरव्यावर लाल पेन्सिल फिरवली. दोन रंग मिसळून तपकिरी झालं.

"खोकं मागवलं मीच," त्या म्हणाल्या, "आणि उघडलं नाही. छापील तक्ता सुबक होता."

"ताई, तुमची चूक नाही. ते ऑफिसातल्या टायपिंगवाल्याने—"

"माझीच आहे. माझ्या चुकीवर पांघरूण घालायला तुला ठेवलेलं नाही." आणि मग, "पोहे खा. निवले."

बैठकीला मी जाणार नव्हतो. ताई म्हणाल्या, "ओळ तू शोधलीस, तू बोलायचं." आदल्या दिवशी मी फॉर्म दोनदा मोजून पिशवीत घातले. ताईंनी एकच बजावलं. "तुझा खोकला दाखवून जिंकायचं नाही. एका माणसाचा खोकला हा पुरावा नाही. तू बरा झाला नाहीस म्हणजे मास्क निकामी, असंही सिद्ध होत नाही. एवढंच सांगायचं, की ओळ चुकलीय."

पेणला हॉलमध्ये पंखे फिरत होते, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर कारखानदार. माझे जुने शेठ दुसऱ्या रांगेत होते. ताईंनी आढावा मांडला आणि मास्कच्या अभ्यासापाशी येऊन म्हणाल्या, यातली गळती दुसऱ्या तपासनीसाने शोधली आहे, तोच सांगेल. मी उभा राहिलो. खडीसाखरेची पुडी खिशात होती. हात गेला होता तिकडे, परत आणला.

मी गेला आणि नाहीचं सांगितलं. फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

डॉक्टर साहेब भला माणूस, हे मी आजही म्हणेन; मास्क त्यांनी मनापासून वाटले होते. पण त्या वेळी त्यांचा चेहरा उतरला. ताईंना म्हणाले, "मॅडम, तुमचा दुसरा तपासनीस म्हणजे हे? यांचं शिक्षण?"

"नववी," मीच म्हणालो. "नापास."

मागे कोणीतरी हसलं.

ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नियम दोन माणसं म्हणतो, साहेब. दोन पदव्या म्हणत नाही."

शेठ पुढे वाकून बघत होते. "अरे, हा आमच्याकडे घासायला होता," शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो शेठ, घासायलाच होतो," मी म्हणालो. "बाई आल्या तेव्हा तुम्हीच सांगितलंत ना, तो गेला म्हणून?"

"मग? गेलाच होतास."

"मी गेलो होतो. खोकला माझ्याबरोबर होता. साहेबांच्या पुस्तकात मी राहिलोय आणि खोकला गेलाय." आता हसणारे वेगळे होते. मला त्या हसण्याचा राग आला, का कोण जाणे. म्हणालो, "मी मास्कला वाईट म्हणत नाही. मास्कने कदाचित फायदा होतही असेल. पण या कागदावरून ते कळत नाही. जे निघून गेले त्यांना बरे झालेले धरून कुणी शेड तशीच ठेवणार असेल, तर मला ते मान्य नाही. नववीवाल्याला मान्य नाही, असं लिहा हवं तर."

साहेब म्हणाले, "आमच्या हेतूवर शंका घेताय का?"

"नाही साहेब. एका शब्दावर घेतोय."

मग मला खोकला आला. तोंडात खडीसाखर नव्हती, दाबायला काही नव्हतं. आला तसा येऊ दिला, आणि संपल्यावर सांगितलं, "हा मोजू नका. हा पुरावा नाही." ताई खाली बघत होत्या. नंतर म्हणाल्या की त्यांना हसू आवरत नव्हतं.

बैठकीत पंख्याचा निर्णय झाला नाही. पण मास्क पुरे, हाही झाला नाही. ठरलं असं की जे गेले त्यांना शोधून विचारायचं, आणि फोन साहेबांच्या माणसासमोर मी करायचे. साहेबांनी जुनी संपर्क वही स्वतः आणून दिली. ते मला आवडलं.

तीन दिवस मी फोन करत होतो. कुणाचा नंबर बंद. कुणी वीटभट्टीवर, कुणी गावी, कुणी पनवेलला रंगकामात. कुणी म्हणालं, धूळ सुटली तसा खोकला सुटला. कुणी बोलता बोलताच खोकला. मला खोकणारे हवे होते, हे खरं सांगतो. प्रत्येक बऱ्या झालेल्याने माझी बाजू हलकी होत होती. तरी जे ऐकलं ते लिहिलं, कारण शेजारी साहेबांचा माणूस होता, आणि तो नसता तरी ताई होत्या.

एका नंबरावर बाईने उचललं. मी त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "ते गेले."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "कुठे गेले?"

 मग त्यांनीच मला सांभाळून घेतलं. म्हणाल्या, "गेले हो दादा. मोटरसायकलवरून पडून. दोन वर्षं झाली."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, कारखान्यातली माणसं विसरली नाहीत, बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मी पेन्सिल हातात धरून बसलो. त्या माणसाबरोबर मी एका ताटात जेवलो होतो. त्याचंही फॉर्मवर "गेला" होतं, आणि छापील तक्त्यात तो बरा होता.

ताईंना विचारलं, "याचं काय लिहायचं? आपल्या बाजूचा धरायचा?"

"नाही," ताई म्हणाल्या. "त्याचा मृत्यू धुळीने नाही झाला. तो आपल्या बाजूचा नाही आणि त्यांच्याही नाही. त्याचं काय झालं तेवढंच लिही. पूर्ण लिही, एका शब्दात नको."

मी पूर्ण लिहिलं. त्या दिवसापासून कुठल्याही रकान्यात मी नुसतं "गेला" लिहीत नाही. कोण गेला, कुठे गेला, काय गेलं, सगळं लिहितो. जागा पुरली नाही तर कागद जोडतो.

आढावा पूर्ण झाला तेव्हा मी ताईंशी भांडलो, हेही लपवत नाही. त्यांनी लिहिलं, या अभ्यासावरून मास्कचा उपयोग होतो की नाही हे सांगता येत नाही. धूळ उगमापाशीच ओढून घेण्याच्या बाजूने बाहेरचा पुरावा थोडा बरा आहे, पण तोही पक्का नाही. मी म्हणालो, "एवढं करून माहीत नाही? त्यांना खोटं म्हणा ना सरळ."

"खोटं आहे हे तुला माहीत आहे?"

"...नाही."

"मग माहीत नाही हेच लिहायचं. ज्याला माहीत नाही असं लिहायची हिंमत नाही त्याने या कामात येऊ नये."

आज मला ते दोन शब्द कुठल्याही घोषणेपेक्षा जड वाटतात. शाळेत माहीत नाही म्हटलं की बाकावर उभं करायचे. आता मी ते छापून सही करतो. मुखपृष्ठाच्या मागे लिहिलंय, छाननी: दोघांनी स्वतंत्रपणे. त्या दोघांतला एक मी. माझी पदवी लिहायच्या जागी ताईंनी काहीच लिहिलं नाही, आणि कुणी विचारलं तर जागा चुकून राहिली असं सांगायचं नाही, असं मला बजावलं.

दोन कारखान्यांनी घासकाम उघड्या मांडवात नेलंय आणि पंखे बसवलेत. माझ्या शेठने नाही. पण परवा बाजारात भेटले तर म्हणाले, "तो पंखा कुठला घेतात रे?" मी सांगितलं. घेतील का ते माहीत नाही.

माझा खोकला आता बराच कमी आहे. बाईच्या भाषेत, थोडा हाय. फोनवर आई अजून विचारते, "काहून खोकलतो रे?" मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतोय, गणिताची भीती आहे तशीच आहे. पण मास्तरांच्या गळतीच्या यादीत माझ्यापुढे जे काही लिहिलं असेल, ते मी खोडून घेणार आहे.

ताई म्हणतात, आढावा भाकरीसारखा असतो, शिळा होतो. नवे अभ्यास येतात, काही वर्षांनी सगळं पुन्हा चाळावं लागतं. त्यांचे डोळे आताच बारीक अक्षराला दमतात. तेव्हा इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही: पुढच्या वेळी पहिली चाळणी माझी असेल. इंग्रजी अभ्याससुद्धा मी वाचीन, माझ्या डोळ्यांनी, वहीतला शब्द न शोधता. ताईंनी दुसरी चाळणी लावायची, खिडकीशी बसून, जमेल तेवढी. आणि त्यांच्या जुन्या आढाव्यात मला एक जरी चूक सापडली, तर ती दडवणार नाही, लाल पेन्सिलीने त्यांच्यासमोर ठेवीन, निवलेल्या पोह्यांच्या बशीशेजारी. त्यांचं देणं फेडायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही, आणि त्यांना दुसरा चालणारही नाही.